गुरुवारी पाच वाजताचा फोन

मित्रांनो, माझं वय साडेतीन वर्षं. माणसांत या वयाची मुलं बालवाडीत जातात. आमच्यात या वयाला म्हातारपण म्हणतात. माझ्या काचेला कोपऱ्यात तडा गेला आहे, पाठीवरचं कव्हर पिवळं पडलं आहे, आणि सकाळी पोटभर चार्ज केला तरी संध्याकाळी मी धापा टाकतो. असा मी एक मोबाइल फोन. विक्रोळीला सीतारामकाकांच्या घरी राहतो.

माझा जन्म लांबच्या एका कारखान्यात झाला. तिथलं फारसं काही आठवत नाही. पण एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं. माझ्या पोटात एक घड्याळ आहे. भिंतीवर असतं तसं नाही. कणीएवढी एक बंद डबी, तिच्यातली हवा काढून टाकलेली, आणि त्या पोकळीत सिलिकॉनची एक इवलीशी काडी. ती काडी सेकंदाला हजारो वेळा थरथरते. तिच्या ठेक्यावर माझं सगळं चालतं. ती थांबली की मी थांबलो. जुन्या फोनांत हे काम क्वार्ट्झचा एक खडा करायचा. माझं घड्याळ त्याहून नवं आणि बारीक, म्हणून मला त्याचा फार गर्व होता.

काका-काकूंचा मुलगा हर्षद जहाजावर इंजिन रूममध्ये काम करतो. त्याने मला अमेरिकेतल्या एका बंदरात विकत घेतलं. तिकडे विकल्या जाणाऱ्या माझ्या जातीला सिमकार्डाची खाच नसते. नंबर आतच भरून ठेवतात. हर्षद घरी आला तेव्हा म्हणाला, "बाबा, झकास आहे की नाही? सिम काढायची, हरवायची भानगडच नाही."

काकांनी मला उलटसुलट करून पाहिलं. त्यांनी विक्रोळीच्या एका कारखान्यात छत्तीस वर्षं लेथ चालवली आहे. ते म्हणाले, "खाच नाय, झाकण नाय. बिघडलो तर उघडूचो खयसून?"

"बिघडत नाही हो," हर्षद हसला.

रुक्मिणीकाकूंचा वेगळा फोन नव्हता. दोघांत मी एकच. सकाळी काका माझ्यावर बातम्या बघत, दुपारी काकू दशावतार लावून मासे साफ करत. ओले हात लागले की पदराने मला पुसत. शेजारणीला म्हणत, "हर्षदान दिल्यान, अमेरिकेसून." माझी एवढी स्तुती कुणी केली नसेल. सगळ्या नातेवाइकांचे नंबर माझ्याकडे होते. पूर्वी ते काकूंच्या एका वहीत असत. मी आल्यावर ती वही रद्दीत गेली. मलाही त्याचं काही वाटलं नाही. उलट बरंच वाटलं.

पण माझं खरं काम गुरुवारी पाच वाजता असे. जहाजावर हर्षदला इंटरनेट मोजकंच मिळायचं. आठवड्याचा तो वाटा तो आईसाठी राखून ठेवी आणि गुरुवारी संध्याकाळी पाचला माझ्यावर फोन करी. काकू पावणेपाचलाच मला मांडीवर घेऊन बसत.

गेल्या दिवाळीनंतर काकूंचे शब्द हरवायला लागले. त्या किल्ली मागायच्या तिथे कढई मागू लागल्या. आधी सगळे हसले. काकूही हसल्या. मग एकदा त्या काकांकडे बघत बराच वेळ उभ्या राहिल्या, आणि त्यांना काकांना काय सांगायचं आहे ते सांगताच येईना. त्यानंतर कुणी हसलं नाही.

घाटकोपरच्या एका रुग्णालयात तपासण्या झाल्या. डोक्यात डाव्या बाजूला गाठ होती, जिथून बोलणं येतं त्या जागेला लागून. ऑपरेशन शुक्रवारी सकाळी ठरलं. डॉक्टर काकांना बाजूला घेऊन म्हणाले, "काका, ऑपरेशननंतर त्यांचं बोलणं राहील की जाईल, हे मी सांगू शकत नाही. ज्यांच्याशी बोलायचं असेल त्यांच्याशी आधी बोलून घेऊ द्या."

ज्यांच्याशी बोलायचं असा एकच माणूस होता.

आणि त्याला तर काही माहीतच नव्हतं. या घरात एक नियम आहे, मित्रांनो. जहाजावर वाईट बातमी धाडायची नाही. हर्षदची आजी गेली तेव्हा त्याला कळवलं होतं. दोन दिवसांनी त्याने इंजिन रूममध्ये वाफेच्या नळीवर हात भाजून घेतला. लक्ष कामात नव्हतं, दुसरं काय. तेव्हापासून काकूंनी काकांना शपथ घातली होती. तो खुष्कीवर पाय ठेवीपर्यंत त्याला काही कळता कामा नये. आजाराचं कळलं असतं तर तो काय पोहत येणार होता? असं काकू म्हणायच्या. तेव्हा त्या असं सगळं म्हणू शकत होत्या.

गेले काही गुरुवार काकांनीच जास्त बोलून वेळ मारून नेली होती. आता मात्र गुरुवारचं बोलणं नेहमीसारखं वाटायला हवं होतं. काकूंनी तीन वाक्यं ठरवली. "जेवलंस काय रे, बाबू? थंय थंडी आसा काय? मी बरी आसंय." या तीन वाक्यांची त्यांनी चार दिवस तालीम केली. मी समोर, आणि त्या माझ्या काळ्या काचेकडे बघून बोलायच्या. काका परीक्षेला बसवल्यासारखे शेजारी.

"थंय... थंय चटणी आसा काय?" काकू म्हणाल्या.

"चटणी खयसून इली? थंडी. थं-डी."

"चटणी."

"तो म्हणात, आवशीक जहाजार चटणी धाडूची आसा," काका म्हणाले आणि दोघं हसत सुटले. मग काकू हसता हसता रडायला लागल्या. काकांनी मला पालथं ठेवलं. माझ्यासमोर त्यांना रडायचं नव्हतं बहुतेक.

गुरुवार उजाडला. काकू पहिल्या मजल्यावरच्या दोन खाटांच्या खोलीत होत्या. शेजारच्या खाटेवर एक म्हातारी, आणि तिच्याजवळ तिची सून लता. लताताई मुलुंडच्या. बोलायला भारी मोकळ्या. त्यांच्या हातात बटणांचा एक जाडजूड फोन. मी त्याच्याकडे पाहून मनात हसलो होतो, हे कबूल करतो.

खालच्या मजल्यावर एमआरआयचं नवं मशीन बसवत होते. सकाळपासून मोठमोठ्या टाक्या आत जात होत्या. माणसं ओरडत होती. खोलीच्या छताजवळच्या जाळीतून थंड हवा येत होती, रोज येते तशीच. तिला वास नव्हता, रंग नव्हता.

दुपारी तीनच्या पुढे मला काहीतरी होऊ लागलं. कसं सांगू? पोटातली ती काडी जड झाली. पोकळीत कुणीतरी शिरलं होतं, जिथे कुणीच शिरू शकत नाही तिथे. ठेका चुकला. मी सावरायला गेलो, पुन्हा चुकला. चार वाजून अकरा मिनिटांनी ती काडी थांबली आणि माझी काच काळी झाली.

मी संपलो असं मला वाटलं. पण एक गोष्ट मला आजही उलगडलेली नाही. मला बोलता येत नव्हतं, हलता येत नव्हतं, दिसत मात्र सगळं होतं आणि ऐकूही येत होतं.

सव्वाचारला काकांनी वेळ बघायला मला उचललं. बटण दाबलं. पुन्हा दाबलं. चार्जर लावला, काढला, भिंतीत दुसरीकडे लावला. आवाजाची दोन्ही बटणं एकदम दाबून धरली, हर्षदने शिकवलं होतं तसं. मला तळहातावर आपटलं. कानाशी धरून हलवलं. जन्मभर मशिनं ऐकलेला माणूस तो, पण माझ्यातून काहीच आवाज येईना.

"फोन बंद पडलो," ते म्हणाले. त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला.

नर्स आली. "काका, मशीनच्या खोलीत नेला होता का? सांगितलंय ना, नेऊ नका म्हणून."

"नाय ओ, दारापर्यंत गेलो होतो फक्त. सकाळी."

"मग झालं!" ती म्हणाली आणि गेली. काका तिथेच उभे राहिले. मला ओरडून सांगायचं होतं, तुमची चूक नाही हो. चूक कुणाची ते मलाही ठाऊक नव्हतं, पण त्यांची नव्हती.

लताताई उठून आल्या. "भाऊ, काय झालं? माझा घ्या ना. डबा आहे, पण चालतो बघा. लावा मुलाला."

काकांनी तो बटणांचा फोन हातात घेतला. अंगठा बटणांवर धरला. आणि मित्रांनो, त्यांना आपल्या मुलाचा नंबर येईना. सुरुवातीचे तीन आकडे आले, मग सगळं अंधारलं. येणार कुठून? साडेतीन वर्षं त्यांनी नंबर लावलाच नव्हता. ते "हर्षद" या नावावर बोट ठेवायचे, पुढचं मी करायचो.

"सिम काढून यात घाला की मग," लताताई म्हणाल्या.

काकांनी मला चारही बाजूंनी फिरवून दाखवलं. "खाच नाय याला."

"अरे देवा! असला कसला फोन? अमेरिकेहून आणून शेवटी दगडच की हो."

त्या खोटं बोलत नव्हत्या.

खाटेवर काकू उठून बसल्या होत्या. भिंतीवरच्या घड्याळात साडेचार वाजत आले होते. त्यांनी काकांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "बाबू?"

"येतंय गो. आता येतंय," काका म्हणाले, चप्पल पायात सारली आणि निघाले. हर्षदच्या जहाजाच्या कंपनीचं ऑफिस अंधेरीला आहे. कागदपत्रं द्यायला काका त्याच्याबरोबर दोनदा तिथे गेले होते. तेवढी एक जागा त्यांच्या डोक्यात होती, माझ्या नाही.

शर्टाच्या खिशात मी. घाटकोपरहून मेट्रो. तिकीट मागताना त्यांनी सवयीने मलाच बाहेर काढलं आणि पुन्हा आत ठेवलं. रोख काढली. पाच वाजले तेव्हा आम्ही साकीनाक्यावरून जात होतो. काका दाराशी उभे, आणि त्यांचा हात माझ्यावर, खिशावरून. ते मला दाबत होते, पुन्हा पुन्हा, जणू आता वाजेन. त्या क्षणी कुठल्या तरी समुद्रावरून हर्षद मला हाका मारत होता आणि मी त्याच्या बापाच्या छातीवर मेलेल्या उंदरासारखा पडलो होतो.

ऑफिसात उत्तरा नावाची मुलगी होती. पर्स खांद्याला लावून निघायच्या बेतात. तिने काकांना बसवलं, पाणी दिलं, जहाजाचं नाव विचारलं.

"काका, त्याचा मोबाइल आत्ता लागत नाहीये, पण जहाजावर मेल पाठवते मी. फक्त कारण लिहावं लागतं. मेडिकल इमर्जन्सी असेल तर कॅप्टन लगेच बोलावतात आणि सॅटेलाइट फोन देतात, रात्र असो नाहीतर काही असो. साधा निरोप असेल तर सकाळच्या डाकेबरोबर देतात. काय लिहू?"

काकांनी पाण्याचा ग्लास टेबलावर ठेवला.

"घरी सगळं ठीक आहे ना, काका?"

सांगा. मी खिशातून ओरडत होतो. सांगा, सीतारामकाका. सांगा की आई उद्या सकाळी ऑपरेशनला जाते आहे, तिची तीन वाक्यं तयार आहेत, ती वाट बघत बसली आहे. एवढंच सांगा, आणि अर्ध्या तासात पोरगा बोलेल. माझा आवाज कुठे पोहोचणार? माझी काडी थांबलेली.

काकांनी शर्टाच्या बाहीने कपाळ पुसलं. त्यांच्या डोळ्यांपुढे तो भाजलेला हात असणार. घातलेली शपथ असणार. ते म्हणाले, "ठीक आहे सगळं. फोन बिघडलाय एवढंच. त्याला काळजी नको म्हणून. पण आज जरा बोलणं झालं असतं तर..."

"मग साधंच लिहिते हं," उत्तरा म्हणाली. तिने टाइप केलं आणि वाचून दाखवलं. वडिलांचा फोन बिघडला आहे, घरी सर्व ठीक, काळजी नसावी. नंबर म्हणून काकांनी लताताईंचा नंबर दिला, त्यांनी तो चिठ्ठीवर लिहून दिला होता. "सकाळी मिळेल त्याला. निघा आता, काका, तुम्ही दमलेले दिसता."

ती चांगली मुलगी होती. तिला जे सांगितलं तेच तिने लिहिलं.

आम्ही परत आलो तेव्हा सात वाजून गेले होते. काकू अजून बसलेल्याच. लताताई हळूच म्हणाल्या, "एक घासही खाल्ला नाही हो वहिनींनी."

काकू काकांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग फार कष्टाने एक शब्द बाहेर आला. "इसारलो?"

"नाय गो! इसरात कसो? फोन बिघडलो. तो करता हा, ह्योच उचलणा नाय." आणि काकांनी मला त्यांच्या मांडीवर ठेवलं, पुरावा म्हणून.

काकूंनी मला दोन्ही हातांत घेतलं. पदराने माझी काच पुसली, मासे साफ करताना पुसायच्या तशी. मग मला तोंडाजवळ नेलं आणि म्हणाल्या, "जेवलंस काय रे, बाबू? थंय थंडी आसा काय? मी बरी आसंय."

तिन्ही वाक्यं आली, मित्रांनो. न अडखळता आली. थंडीची चटणी झाली नाही. चार दिवसांच्या तालमीत एकदाही न जमलेलं त्यांनी त्या वेळी बरोबर म्हटलं, आणि ऐकायला मी होतो. माझ्यासारखा दगड. मला ते पुढे पाठवता आलं नाही, आत ठेवूनही घेता आलं नाही. हवेत विरून गेलं.

शुक्रवारी सकाळी आठला त्यांना आत नेलं. दुपारी डॉक्टर म्हणाले, गाठ निघाली. अकराच्या सुमाराला लताताईंचा फोन वाजला होता, पण त्या सासूला जेवू घालत होत्या. उचलेपर्यंत बंद झाला. लांबलचक विचित्र नंबर. उलट लावला तर लागेना. तोवर काकू आत होत्याच. उचलला असता तरी त्यांना तो ऐकायला मिळाला नसता.

शनिवारी काकू जाग्या झाल्या. उजवा हात उचलत नव्हता. डोळ्यांत सगळं होतं. काकांना बघून ओळखीचं हसल्या, अर्ध्या तोंडाने. शब्द मात्र एकही नव्हता. चुकीचाही नव्हता.

त्या दुपारी काका मला स्टेशनजवळच्या दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेले. त्याने माझ्या पाठीला गरम हवा मारली, नाक मुरडलं, म्हणाला, "बोर्ड गेला, काका. ठेवून जा, आतलं सगळं साफ करून ट्राय मारतो. नाहीतर एक्सचेंजमध्ये नवा घ्या ना."

"आतलं साफ म्हणजे?"

"फोटो, नंबर, सगळं जाणार."

काकांनी मला त्याच्या हातातून काढून घेतलं. त्यांनी काही विचार करून घेतलं असं नाही. फक्त घेतलं.

रुग्णालयाच्या जिन्यात एमआरआयची तंत्रज्ञ संघमित्रा भेटली. हातात स्मार्ट घड्याळ, तेही बंद पडलेलं, ते ती दुसऱ्या कुणाला दाखवत होती. काकांच्या हातात मला पाहून ती थांबली. "काका, तुमचाही गेला? गुरुवारी दुपारी? पहिल्या मजल्यावर होतात ना?"

तिने काकांना तिथेच पायरीवर बसवून सांगितलं. त्या मशीनच्या पोटात मोठं चुंबक असतं, ते थंड ठेवायला हेलियम लागतो. फुग्यात भरतात तोच वायू. मशीन भरताना जो हेलियम सुटतो तो नळीने गच्चीवर जायला हवा. एक जोड ढिला राहिला आणि तो हवेच्या नळकांड्यांतून खोल्यांत गेला. एवढ्याशा हेलियमने माणसांना काही झालं नाही. पण त्याचे कण इतके बारीक, की फोनातल्या बंद डबीतही शिरतात. चाळीसएक फोन आणि घड्याळं एका दुपारी गेली. जुने, बटणांचे सगळे वाचले.

"डबीत व्हॅक्यूम असतो," काका सावकाश म्हणाले. "त्यात गॅस शिरला तर काडी हलायची कशी?"

"बरोबर पकडलंत, काका! काही करू नका त्याला. उघडू नका, तापवू नका. खिडकीत मोकळ्या हवेत ठेवा. शिरला तसा हळूहळू निघून जाईल. चार दिवस, आठवडा. फोन चांगला आहे तुमचा."

काका तिथेच बसून राहिले. आपण दारापर्यंत नेला म्हणून फोन बंद पडला, असं दोन दिवस ते स्वतःला टोचत होते. ते एक ओझं उतरलं. दुसरं तसंच होतं.

मी विक्रोळीच्या घराच्या खिडकीत पडून राहिलो. रविवार गेला, सोमवार गेला. काका सकाळी जात, संध्याकाळी येत, दिवा न लावता बसत. बुधवारी सकाळी त्यांचा चहा उकळत असताना माझ्या पोटातली काडी एकदा थरथरली. थांबली. पुन्हा थरथरली. आणि ठेका धरला.

माझी काच उजळली आणि अडवून ठेवलेलं सगळं एकदम आत आलं. गुरुवारचे पाच ते सव्वापाच चार फोन. मग हर्षदचे निरोप. "बाबा, लागत नाही." "आई, कुठे आहेस गं?" शुक्रवारचा एक, "कॅप्टननी निरोप दिला. बाबा, शेवटी बिघडला ना तुमचा फोन, हाहा. त्या नंबरवर लावला, कुणी उचलला नाही. आई बरी ना? पुढच्या गुरुवारी बोलू."

काकांनी उत्तर लिहायला घेतलं. "आई" लिहिलं, पुसलं. "आईला" लिहिलं, पुसलं. "हर्षद, तू शांतपणे" लिहिलं, पुसलं. असं सात वेळा. शेवटी अंगठ्याचं चित्र पाठवलं. चहा उतू गेला होता.

गुरुवारी पाच वाजता काका काकूंच्या उशाशी बसले होते, मी हातात. मला ती हवेची जाळी दिसत होती आणि भीती वाटत होती. पण जोड घट्ट झाला होता. मी वाजलो.

"बाबा! चालू झाला वाटतं! काय यार, आठवडाभर वाट लावलीत माझी. आई कुठेय? द्या तिला."

काकांनी मला काकूंच्या डाव्या कानाला लावलं. त्यांच्या कानाची ऊब मला लागली.

"आई! जेवलीस का गं? मागच्या गुरुवारी किती वेळा केला माहितीय? अगं, काल आम्ही देवमासा बघितला, खरंच, जहाजाला लागून. आई?"

काकूंचे डोळे भरून आले. ओठ हलले. कुणीतरी विहिरीत हात घालून कळशी शोधावी तसे त्या शब्द शोधत होत्या, आणि हाताला पाणीच लागत होतं.

"आई, आवाज येतोय का? हॅलो? बाबा, हिचा आवाज येत नाहीये."

काकांनी मला झटकन आपल्या कानाला घेतलं. "अरे, तो फोन... अजून बिघडलेलाच आहे बहुतेक. तिला ऐकू येतंय तुझं, तुला येत नसेल. रेंज नाय इथे."

माझ्या माथ्यावर रेंजच्या चारही काड्या उभ्या होत्या. मी इतका स्वच्छ कधीच बोललो नव्हतो. आणि मी काय करू शकत होतो?

तेव्हा काकूंनी डावा हात उचलला. त्यांनी मला काकांच्या कानावरून ओढून घेतलं. काकांना वाटलं, त्यांना परत ऐकायचं आहे. पण त्यांनी मला कानाला लावलं नाही. त्यांनी मला काकांच्या तोंडासमोर धरलं आणि काकांकडे बघत राहिल्या. शपथ त्यांनीच घातली होती. ती सोडवायला आता त्यांच्याजवळ शब्द नव्हते, म्हणून त्यांनी मला पुढे केलं. काका मान हलवत राहिले, नाही नाही म्हणत. काकूंनी मला आणखी जवळ नेलं. त्यांचा हात खाली आला नाही.

"हॅलो? बाबा? कट झाला का?"

"नाय," काका म्हणाले. "कट नाय झाला. हर्षद, फोन चांगला आहे. आईला बोलता येत नाय रे."

मग त्यांनी सगळं सांगितलं. तोडून तोडून, मध्ये नाक पुसत. गाठ, ऑपरेशन, अंधेरीचं ऑफिस, ठीक आहे म्हणालो ते. काकूंनी मला तोवर तसंच धरून ठेवलं होतं. बोलणं संपल्यावर पलीकडे नुसती इंजिनची घरघर येत होती. 

"मला गुरुवारी का नाही सांगितलंत, बाबा?" हर्षद म्हणाला. मग तो म्हणाला, "तिच्या कानाला लावा."

त्या दिवसापासून कॅप्टनने त्याला रोज पाच वाजता जहाजाचा फोन दिला. तो रोज बोलायचा, काकू ऐकायच्या. जहाज बंदराला लागायला अजून आठ दिवस होते. सहाव्या दिवशी पहाटे डोक्यात रक्तस्राव होऊन काकू गेल्या. दोन दिवसांनी जहाज बंदराला लागलं, तेव्हा हर्षद तिथून विमानाने घरी आला. आल्यावर त्याने बापावर आवाज चढवला नाही. काकांना तो चढवलेला चालला असता.

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी आमच्यासारख्यांनी आपली काळजी घ्या म्हणून सांगायचं असतं. माझं मागणं थोडं वेगळं आहे. तुमच्या माणसांचे दोन-चार नंबर पाठ करा आणि कागदावर लिहून भिंतीला लावा. आम्ही कशाने बंद पडू ते आम्हालाच माहीत नसतं. आणि घरातलं दुखणं लांबच्या माणसापासून लपवू नका. त्याचा हात भाजेल म्हणून भिऊ नका. त्याला कळू द्या, म्हणजे निदान तो त्याच दिवशी फोन करेल. मी चालू असेन तर जोडून देईन. नसेन तर बाहेर पडा, पळा, कुणाचाही फोन मागा, आणि कुणी विचारलं की घरी सगळं ठीक आहे का, तर नाही म्हणा.